छबूचा कडा

शेकोटीत लाकूड सारा, आणि मध्येच कुणी हसायचं नाही. सुनील आपल्याच आळीतला, तेव्हा ही काही थाप नव्हे.

चोवीस सालची वैशाख अमावास्या, गुरुवार. काजवे बघायला नगरहून, सावेडीची माणसं आली होती आणि सुनील त्यांना भंडारदऱ्याच्या बाजूला फिरवत होता. गडी बोलण्यात वस्ताद. कुठल्याही दगडाला इतिहास चिकटवायचा. दिवस मावळल्यावर त्यानं सगळ्यांना कड्यावर नेलं.

"तीनशे वर्षांपूर्वी सासूनं सुनेला इथून ढकललं. छबू म्हणून हाक मारा, ती ओ देते."

कसली सासू अन् कसली तीनशे वर्षं! छबू त्याची सख्खी वहिनी. दोन पावसाळ्यांमागं याच कड्यावर गवत कापताना पाय घसरून गेली. लाज वाटायला हवी होती गड्याला. त्याची आई, राहीबाई, कानीकपाळी ओरडायची, "अरं, कड्यावर अंधारात नाव घिऊ नगं. मेलेलं वर येतं, जितं खाली जातं." हा हसायचा.

"छबूऽऽ!" माणसं ओरडली. दरीनं हाक परत दिली. पुन्हा ओरडली. या वेळी... काहीच नाही.

मग खालून, अगदी हळू, "आले..."

टाळ्या पडल्या. "माणूस मस्त बसवलाय हो खाली!" एक बाई म्हणाल्या. सुनीलही हसला. खाली त्यानं कुणालाच बसवलं नव्हतं.

टेम्पो माणसांना घेऊन तंबूंकडे गेला. सुनील पायी घराकडे निघाला. समोरून बॅटरीचा उजेड येत होता. त्याची बायको, स्नेहल. सातवा महिना, तरी नवऱ्याला उशीर झाला म्हणून शोधायला आलेली. पण उजेड वाटेवर नव्हता. कड्याच्या बाजूनं सरकत होता. तिच्या पुढं कुणीतरी चालत होतं...

आपल्याकडचे गडी बायकोला 'अगं' म्हणतात. सुनील शहरातल्या लोकांत वावरून तिला नावानं हाक मारायला शिकला होता. आईचं बोलणं आठवलं. त्यानं ओठ दाबले. उजेड कडेला पोचला.

राहवलं नाही.

"स्नेहल!"

ती थांबली. वळली. त्याच्याकडे बघितलं.

"आले..."

आवाज तिचाच. पण खालून आला.

बॅटरी दरीत गेली.

सकाळी तिला वर काढलं. पायात चपला तशाच होत्या.

राहीबाईनं आदल्या संध्याकाळी अंगण सारवलं होतं. त्या ओल्या शेणात बाईच्या अनवाणी पावलांचे ठसे उमटले होते. कड्याकडून आलेले, उंबऱ्याच्या आत गेलेले. बाहेर पडलेलं अनवाणी पाऊल एकही नव्हतं.