वेशीबाहेर थांबलेला जोतीराम

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं एक अक्षर नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो अभिराम माझा मावसभाऊ. गोष्टी रचायचा त्याला नाद आहे, हे मान्य. पण ही गोष्ट सांगताना त्याच्या कपातला चहा बशीत सांडत होता.

जागा कोल्हापुरातली शाहूपुरी. वार रविवार, वेळ सव्वाचार.

रात्रीचे नव्हे. दुपारचे.

धैर्यशीलच्या वडिलांचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान रविवारी बंद असतं. त्याच्या वरच्या खोलीत चौघांचा अड्डा जमायचा. अभिराम, शाळेत शिकवणारी मैथिली, स्वतः धैर्यशील आणि मलकापूरहून गाडीवर येणारा जोतीराम. खेळ जरा वेगळाच. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि अडेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट सांगणारा कायम अभिराम.

"जंगलं लई झाली भावा. एकदा शहरात ने की आमास्नी," असं म्हणत जोतीराम मागेच लागला होता. त्याच्यासाठी अभिरामने दोन महिने खपून एक शहर रचलं. सात वेशी, जादूगारांची पेठ आणि चोरीला गेलेली देवळातली घंटा. सूर्य मावळायच्या आत ती शोधली की मोहीम फत्ते.

गेल्या वर्षीचा ऑगस्टमधला दुसरा रविवार. मोहीम त्या दिवशी सुरू व्हायची होती.

जोतीराम आला नाही.

तीन वाजले. साडेतीन... चार. फोन लागेना. उशिराचा हा सलग सहावा रविवार. अभिरामचं डोकंच फिरलं.

कुणी आलं नाही की त्याचं पात्र कुठेतरी थांबवून ठेवायचं, ही त्यांची पद्धत. "जोतीराम वेशीबाहेर थांबलाय," असं म्हणून अभिरामने तसं वहीत लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली. ती मात्र कुणाला वाचून दाखवली नाही.

सव्वाचारला बांबवड्याच्या अलीकडे जोतीरामची गाडी ट्रकखाली गेली.

पाच महिने ती खोली बंद होती. जानेवारीत तिघांनी ठरवलं, त्याच्या हौसेची मोहीम एकदा तरी शेवटाला न्यायची.

पहिलीच अडचण अभिरामने सोपी ठेवली होती. वेशीवरच्या पहारेकऱ्याला पटवायचं. फाशावर पाचच्या वर काहीही पडलं की वेस उघडणार. उघडली तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.

मैथिलीला तीन पडले. धैर्यशीलला दोन.

पुन्हा टाकले. एक... चार... एक...

आणि जिन्यावर आवाज आला.

कर्र... कर्र...

लोखंडी जिना आणि जोतीराम घालायचा तशा करकरणाऱ्या कापशी चपला.

"आला वाटतं," मैथिली सवयीने म्हणून गेली. मग तिचं तिलाच उमगलं आणि ती पांढरीफटक पडली.

आवाज दारापाशी येऊन थांबला. धैर्यशीलने दार उघडलं.

जिना रिकामा होता.

पुढचा रविवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही. अभिरामने नवे फासे आणले. नियम सैल केला, तीनच्या वर पडलं तरी चालेल म्हणाला. मग दोनच पडायला लागले. एकदा वैतागून त्याने फासाच बाजूला सारला. पहारेकरी झोपलाय, चला आत, असं सांगायला तोंड उघडलं...

शब्दच फुटेना. घशातून नुसती हवा.

"ह्यो खेळ हाय का सरकारी कचेरी?" धैर्यशील करवादला. "सहा रविवार झालं, आत घ्यायचं नाव न्हाय."

"चढल्याचा आवाज येतो," मैथिली हळूच म्हणाली. "उतरल्याचा कधी ऐकलाय का?"

कुणीच ऐकला नव्हता.

सातव्या रविवारी मैथिलीने अभिरामच्या पुढ्यातली वही ओढली. बघू तरी कुठे अडतंय, म्हणत मागची पानं उलटली. एका पानावर थांबली आणि मोठ्याने वाचलं.

"जोतीराम वेशीबाहेर थांबलाय. कितीही विनवण्या करू दे, त्याला आत घ्यायचं नाही."

तिने वही अभिरामसमोर धरली.

"रागात लिहिलं मी," अभिराम कसाबसा म्हणाला. "मला काय माहीत, तो..."

"मग उघड की लेका," धैर्यशील म्हणाला. "वेस तुझ्याच हातात हाय."

"पण फासा..."

"फासा गेला चुलीत."

सव्वाचार झाले होते.

कर्र... कर्र...

आवाज वर आला. दारापाशी थांबला.

अभिराम उठला. दार सताड उघडलं. समोर कुणीच नव्हतं. त्या रिकाम्या पायरीकडे बघत तो म्हणाला, "वेस उघडली. ये जोतीराम, आत ये. चुकलं माझं."

या वेळी शब्द फुटले.

पंखा फिरत होता. खालून एक रिक्षा गेली. बाकी काहीच नाही.

मग...

कर्र...

एक पायरी खाली.

कर्र... कर्र...

आवाज सगळा जिना उतरला, रस्त्याला लागला आणि ऐकू येईनासा झाला.

बऱ्याच वेळाने मैथिलीने फासा टाकला. एकोणीस पडले. मोहीम तासाभरात संपली, घंटा सापडली, आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

सुटला बिचारा, असं धैर्यशील म्हणतो. मैथिलीलाही तेच वाटतं. अभिरामला ते पटत नाही. सात रविवार जो दाराशी येऊन उभा राहिला, तो दार उघडल्यावर आत का आला नाही? खरंच सुटला... की रागावून निघून गेला?

ते सांगायला आता कुणी जिना चढत नाही.

अभिराम अजून दर रविवारी त्या खोलीत जातो. दार उघडं टाकून बसतो. तीन वाजतात, साडेतीन वाजतात, आणि पूर्वी जोतीरामची वाट बघताना चिडायचा तसाच तो घड्याळाकडे बघून चिडत राहतो.