पुलावरची पितळी पट्टी

खिडकी बंद होत नव्हती म्हणून सुतार आला, एवढंच झालं होतं. पुढे जे घडलं त्यात खिडकीचा काही दोष नाही, असं ती आजही म्हणते... म्हणताना मात्र नजर खाली घालते.

वाचनालयात ती नोकरीला होती आणि दर बुधवारी दुपारी तिथेच, तळमजल्यावर, तिचा वर्ग भरायचा. बाहेरच्या देशांतून पोटासाठी आलेल्या माणसांना ती कायद्यातले शब्द सोपे करून सांगायची. वास्तव्य म्हणजे काय, कायम वास्तव्य म्हणजे काय, 'अवलंबित' कुणाला म्हणतात. ती स्वतःही परकीच. हे शब्द ती एकटीने, डोकं धरून शिकली होती. मग तिला वाटलं, एवढी डोकेदुखी एकटीपुरती कशाला ठेवायची? वर्गातले सगळे तिला शब्दबाई म्हणत.

त्या दिवशी नदीवरून बोचरा वारा सुटला होता. नदीपलीकडे दुसरा देश. मधे एक साधा पूल, ना चौकी ना शिपाई. फक्त बरोबर मध्यावर जमिनीत एक पितळी पट्टी बसवलेली. एकच शब्द पूल ओलांडला की कसा बदलतो, ते ती सांगत होती. इकडे कुटुंब म्हणजे नवराबायको आणि लहान मुलं. तिकडे त्यात म्हातारी आईही बसते, आणि लग्न न झालेला पण नातं टिकाऊ असलेला जोडीदारही.

"आणि सीमापार कामगार म्हणजे," ती पुढे म्हणाली, "जो एका देशात राहतो, दुसऱ्यात काम करतो आणि आठवड्यातून एकदा तरी घरी परततो."

"म्हणजे मीच की," खिडकीतून आवाज आला.

सुतार शिडीवर उभा होता. कानामागे पेन्सिल, केसांत भुसा. "रोज पूल ओलांडून येतो. मला एवढं भारदस्त नाव आहे, हे आजच कळलं."

"नाव सगळ्यांनाच असतं," ती म्हणाली. "ज्यांना कुणी अडवत नाही, त्यांना ते पाठ करावं लागत नाही."

तो हसला नाही. शिडीवरून तिच्याकडे बघत राहिला, आणि हातातला स्क्रू निसटून खाली पडला. पहिल्या बाकावरची इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "बाई, वर्ग चालवायचाय की खिडकी बसवायचीय, ते एकदाचं ठरवा."

खिडकी बसली. पण पुढच्या बुधवारी दार कुरकुरायला लागलं, त्याच्या पुढच्या बुधवारी टेबल डुगडुगायला लागलं. वाचनालयातल्या लाकडाला जशी साथच आली. मावशीने एकदा टेबलाखाली वाकून पाहिलं, पायाखालची पाचर कुणी काढली असेल याचा अंदाज केला, आणि शहाण्या बाईसारखी गप्प बसली.

वर्ग सुटला की दोघं नदीकाठच्या बाकावर बसत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एकदा त्याने विचारलं, टिकाऊ नातं म्हणजे किती टिकाऊ?

"कायदा आकडा सांगत नाही. पुरावा मागतो."

"लाकडाचंही तसंच," तो म्हणाला. "किती उन्हाळे-पावसाळे बाहेर काढले, ते बघायचं." आणि तिच्या शालीवर पडलेला भुसा त्याने इतक्या हलक्या हाताने झटकला, की तो झटकला गेलाच नाही.

पलीकडे घरांची एक रांग दिसायची. त्यातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्याची आई होती. कमरेचं हाड मोडल्यापासून ती जिना उतरली नव्हती, आणि आता तर हृदयही थकलं होतं. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नव्हते. पण किती स्पष्ट बोलत नाहीत, यावरूनच माणसाला कळतं. हिवाळा उतरायला लागला, तसा तो एक दिवस म्हणाला, "आईला तुला बघायचंय. रविवारी चल."

तिने पुलाकडे पाहिलं. तिची परवानगी फक्त अलीकडच्या काठाची होती. कायम वास्तव्यासाठीचा अर्ज विचाराधीन होता, आणि निकाल लागेपर्यंत तिला देशाबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. टाकलं, की आजवरची सगळी वर्षं पाण्यात.

"कोण बघतंय?" तो म्हणाला. "पूल आहे गं तो. नुसता पूल."

"तुझ्यासाठी."

"एक तास. आई वाट बघतेय. माणसापेक्षा नियम मोठा झाला का तुला?"

तेव्हा तिने, कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, नदीकडे बघत.

"गेल्या वर्षी माझे बाबा गेले. अर्ज तेव्हाही विचाराधीनच होता. भावाने फोन त्यांच्या कानाशी धरला, मी इथून बोलत राहिले... त्यांना ऐकू येत होतं की नाही, माहीत नाही. ज्या नियमासाठी मी बाबांकडे गेले नाही, तो तुझ्या आईसाठी मोडू? मग बाबांना काय सांगू मी?"

 

पुढच्या बुधवारी सुतार आला, तो हत्यारांशिवाय. सगळ्यांत मागच्या बाकावर बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण मुक्त संचाराचा धडा चालू असताना खडू दोनदा मोडला. तो ऐकत राहिला: मुक्त संचार, म्हणजे परवानगीशिवाय सीमा ओलांडायची मुभा, कुणाला असतो आणि कुणाला नसतो, अखंड वास्तव्य कशाने मोडतं, आजारी माणसाला भेटायला जाणं त्यातून सुटतं का. नाही सुटत. शेवटी त्याने हात वर केला.

"मुक्त संचार ज्याला आहे, त्याला इकडे यायला काही कारण द्यावं लागतं का?"

"नाही," ती म्हणाली. "त्याला फक्त यावं लागतं."

तो उठला, मान हलवली आणि गेला. त्यानंतर आलाच नाही. टेबल डुगडुगत नव्हतं, दार कुरकुरत नव्हतं, आणि त्या शांततेचा तिला इतका राग यायचा की विचारू नका. मावशी एकदा म्हणाली, "रडायचं असेल तर चादरी आणून देते, नाहीतरी ओल्या करूनच इस्त्री करायच्यात." तिला हसू आलं आणि मग ते हसू आवरेना.

थंडी कडक झाली. एका बुधवारी वर्ग चालू असताना दार उघडलं, आधी दोन लांब दांडे आत आले, मग त्या दांड्यांवर एक खुर्ची. ओकच्या लाकडाची, पाठीला गादी, बाजूंना पट्टे, खाली दुमडून ठेवलेली चाकं. दांड्यांची पुढची टोकं सुताराच्या खांद्यांवर, मागची त्याच्या शेजाऱ्याच्या. आणि खुर्चीत, तीन स्वेटरांत गुंडाळलेली, मुठीएवढ्या चेहऱ्याची म्हातारी.

"दम घ्या रे," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."

वर्ग उभा राहिला. शब्दबाईने खडू खाली ठेवला.

"तू होय ती," म्हातारी म्हणाली. "अगं, तुम्ही दोघं इतके दिवस भांडलात, कोण पूल ओलांडू शकतं नि कोण नाही. मला कुणी विचारलंत? मला कुणाचीच बंदी नव्हती, पोरी. फक्त जिन्याची होती."

सुतार खाली बघत होता. सासूकडे सुनेनं जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. आणि कुणाला कुठे जाता येत नाही हे रात्रंदिवस शिकवणाऱ्या तिच्याही मनात, जिला येता येतं ती म्हातारी कधी आलीच नव्हती.

म्हातारीने तिला जवळ बोलावलं. बोटांनी तिचा गाल चाचपला, आणि मग जे विचारलं ते या देशात तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"तुझे बाबा कसे होते गं?"

ती खुर्चीपाशी खाली बसली. आधी नुसतंच रडली. मग सांगायला लागली... बाबा चालताना कसे शीळ घालत, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर कसे शोधत. मावशी एकेकाला खुणावून बाहेर घेऊन गेली. सुतार दारातच थांबला.

ऊन कलल्यावर चाकं खाली सोडून तिने स्वतः खुर्ची ढकलत पुलावर आणली. पितळी पट्टीपाशी थांबली. त्याने पलीकडून हात पुढे केले, पण तिने खुर्चीच्या मुठी लगेच सोडल्या नाहीत.

"अर्जाचं काय होईल, माहीत नाही," ती म्हणाली. "नाकारला तर मला परत जावं लागेल."

"मग तिथली खिडकी बंद होत नसेल," तो म्हणाला. "मी शिडी घेऊन येईन. तुझ्या देशात मला काय म्हणतात, ते शिकव फक्त."

"परका म्हणतात."

"चालेल."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला, तसाच, पट्टीच्या वर. "माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. पुरावा काही दिला नाही.

"पोरांनो, मला थंडी वाजतेय," म्हातारी म्हणाली. "बुधवारी पुन्हा येणार आहे मी. तेव्हा काय ते बोला."

खुर्ची पलीकडे गेली. ती मात्र अलीकडेच उभी राहिली, वाऱ्यात शाल आवळून, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत दिवा लागेपर्यंत. इतके दिवस तिला नुसती घरांची रांग दिसायची. आता त्यातली खिडकी कोणती, ते कळलं होतं.