चौथा ‘हाय’

हे ऐकून तुम्ही हसणार, ते मी आधीच सांगून ठेवतो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारा तेलगावात एकच जीव होता, आमचा बैल, आणि तोही गेल्या साली गेला. विहिरीत पडलेली म्हैस मी पटक्यानं बांधून वर ओढली, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती म्हैस दर खेपेला थोडी जड होते. पण आजची गोष्ट तशी नाही. ही मलाच पटत नाही, तिथं तुमचं काय?

उत्तरेश्वरचं फर्निचरचं शेड फाट्यावरून जरा आत, कापसाच्या रानाला लागून आहे. वर पत्रे, तीन बाजूंनी पत्रे, चौथी बाजू उघडी. मधोमध गोल करवतीचं लोखंडी टेबल. टेबलाच्या फटीतून पातं वर आलेलं, खाली मोटर, आणि मोटरीभोवती कायम भुसा. ओल्या बाभळीचा आंबूस वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. मी तिथं फळ्यांच्या थप्पीवर बसतो. काम काही नाही. तरुणपणी कड्याला आरा गिरणीवर होतो, म्हणून सल्ला द्यायचा मान मी माझा मीच घेतला आहे.

उत्तरेश्वर नियमाचा पक्का. करवतीवर हातमोजे चालायचे नाहीत. पातं मोज्याचा धागा धरतं आणि मागोमाग हात नेतं. गळ्यात गमछा नको, मनगटात दोरा नको. फळीचं शेवटचं टोक बोटानं नाही, काठीनं ढकलायचं. आत हात घालायचा तर आधी बोर्डातली पिन काढायची.

आणि एक नियम माझा. खटका दाबण्याआधी दाबणाऱ्यानं ओरडायचं, “हात?” मग शेडमध्ये असेल त्या प्रत्येकानं, विचारणाऱ्यानंसुद्धा, दोन्ही पंजे वर करून म्हणायचं, “हाय!”

“कड्याच्या गिरणीत पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत,” असं मी ठोकून दिलं होतं. कड्याला असलं काही नव्हतं. ते मला थप्पीवर बसल्या बसल्या सुचलं. पण रीत चांगली निघाली, आणि रुजली.

पोळ्यानंतर अजिनाथ काम शिकायला आला. तो आणि त्याची बायको शिवकन्या दर साली ऊसतोडीला जायचे. यंदा शिवकन्या अडून बसली होती. पोरगी शाळेत रमली आहे, तिला फडात न्यायची नाही, कोयता नको. अजिनाथचे हात लाकडावर बसले तर गावातच राहू. एवढं सगळं त्या दोन हातांवर होतं.

पहिल्यांदा झालं ते भर दुपारी. उत्तरेश्वर खटक्यापाशी, अजिनाथ टेबलापाशी, मी थप्पीवर.

“हात?”

“हाय,” अजिनाथ म्हणाला.

“हाय,” मी.

“हाय,” उत्तरेश्वर.

“हाय.”

चौथा टेबलाखालून आला. सावकाश. हजेरी देणाऱ्या माणसासारखा.

उत्तरेश्वर माझ्याकडं वळला. “कावून चाळे करता, आबा? मशीन हाय ही, तमाशा न्हाई.”

“मी न्हाई रे.”

“मग काय भुसा बोलला?”

अजिनाथनं वाकून बघितलं. भुसा होता, मोटर होती. मांजर बसायलाही जागा नव्हती.

मग ते अधूनमधून व्हायला लागलं. कधी चार दिवस काही नाही, कधी सकाळपासून प्रत्येक खेपेला. एकदा मी मुद्दाम तोंड भरून तंबाखू धरली. चौथा ‘हाय’ आला तो आलाच.

“तंबाखू धरून बी बोलता?” उत्तरेश्वर म्हणाला. “लई कलाकार हाय बुवा तुमी.”

गावभर माझी कीर्ती अशी, की कुणाला भीती म्हणून वाटेना. भीती वाटायची ती एकट्या मला, आणि ती सांगायची सोय नव्हती. घरी जाताना मी माझ्याशीच पडताळून बघायचो: म्हाताऱ्या, तूच तर बोलत नाहीस ना? सवय लई वाईट.

अमावास्येच्या बाजाराचा दिवस होता. एका फळीचा निम्मा काप झाला आणि लाईट गेली. पातं घरघरत थांबलं. उत्तरेश्वर मोबाईल कानाला लावून रानाकडं गेला. लाईट गेली म्हणजे आता संध्याकाळपर्यंत गेलीच, असं आपण सगळेच धरून चालतो. खटका बंद करायचं कुणाच्या मनात येत नाही. खटका तसाच, दाबलेला.

अजिनाथला पात्यात अडकलेला तुकडा दिसला. तो टेबलाखाली उकिडवा बसला आणि त्यानं आत हात घातले. कोपरापर्यंत.

मी तंबाखू मळत होतो.

“हात?”

कुणीतरी विचारलं. या खेपेला उत्तर नव्हतं ते. प्रश्न होता, आणि तो टेबलाखालून आला.

सवयीनं अजिनाथचे दोन्ही हात बाहेर आले, वर गेले. “हाय!”

लाईट आली.

पातं फिरलं. अडकलेला तुकडा सुटला आणि समोरच्या पत्र्यावर गोळीसारखा आदळला.

उत्तरेश्वर पळत आला, खटका पाडला, पिन उपटली. पातं बराच वेळ फिरत राहिलं. अजिनाथचे हात वरच होते. खाली घे, असं त्याला सांगावं लागलं.

“आबा,” तो म्हणाला, “हाक तुमी मारली?”

मी मान हलवली. नाही.

तो भुशातून उठला आणि चपला न घालता घरी गेला.

दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या त्याला दंडाला धरून शेडमध्ये घेऊन आली. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक देवळापुढं उभा होता; संध्याकाळी सुटणार होता.

“आबा, एकदा तरी खरं बोला,” ती म्हणाली. “हाक तुमी मारली असल तर ह्ये आजपासून कामाला येत्यात. न्हाईतर आमी ट्रकात बसतो. पोरीची शाळा सुटली मग.”

मला जन्मात कुणी इतक्या आशेनं खरं विचारलं नव्हतं. आणि तिला कोणतं उत्तर हवंय, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

“मीच,” मी म्हणालो. “पोटातनं आवाज काढतो मी. चौसाळ्याच्या बाजारात एका गारुड्यानं शिकवलं. बदल्यात त्याला म्हशीची गोष्ट दिली.”

शिवकन्या तोंडाला पदर लावून हसली. “तरी म्हणलं!” उत्तरेश्वर ओरडला. “लई बेरकी हाय हे म्हातारं.”

अजिनाथ हसला नाही. तो टेबलाकडं बघत होता.

“असं करू,” उत्तरेश्वर त्याला म्हणाला. “आबा नुसते हात वर करतील, तोंड मिटून. चौथा आला न्हाई म्हंजे झालं. आबाच होते.” त्यानं पिन काढून मुठीत धरली. “हात?”

“हाय,” अजिनाथ म्हणाला.

“हाय.” शिवकन्येच्या बांगड्या वाजल्या.

“हाय,” उत्तरेश्वर म्हणाला.

मी ओठ आवळून धरले होते.

आम्ही थांबलो. पत्र्यावर चिमणी चिवचिवली. बाहेर ट्रकानं एकदा भोंगा दिला. टेबलाखालून काही नाही.

अजिनाथनं श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला, आणि मला वाटलं, एवढ्या वर्षांत एक तरी थाप कामाला आली.

“बघा,” मी म्हणालो. “मी गप, की त्यो बी गप. हाक मीच मारली हुती.”

कुणाचेच हात अजून खाली आले नव्हते. उत्तरेश्वरच्या मुठीतली पिन हवेत लोंबत होती.

“खोटं हाय,” टेबलाखालून आवाज आला.