त्याने न दिलेलं रक्त

“हे भांडकुदळ रक्त कुणाचं?”

रक्तपेढीच्या दारातून चष्मा नाकावर घसरलेला एक उंच तंत्रज्ञ बाहेर आला. त्याच्या हातात काचेची नळी होती आणि तो बाकावरच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत होता. मी हात वर केला.

“माझं. पण ते भांडलं कुणाशी?”

“ज्याच्याशी गाठ घालून दिली त्याच्याशी!”

आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मला त्याचा रागच आला होता... आणि रागाच्या भरात मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

लहानपणीच्या अपघातात माझ्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळलं. ते सरळ करायचं ऑपरेशन ठरलं होतं. अपघाताच्या वेळी मला कुणाकुणाचं रक्त चढवलेलं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला होता. रक्तगट एकच असला तरी पेशींवर आणखी बारीक खुणा असतात, त्याने समजावलं. परकी खूण एकदा दिसली की शरीर कधी कधी तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि तसं रक्त पुन्हा आलं की त्याच्यावर तुटून पडतं. माझं आणि पेढीतलं रक्त मिसळलेली नळी त्याने उजेडात धरून हलवली. तळाशी लाल गुठळ्या दिसल्या.

“म्हणजे जुळलं नाही.”

“आणि जुळलं की कसं दिसतं?”

“काही गुठळी-बिठळी नाही. अलगद मिसळून जातं...”

हे सांगताना तो नळीकडे पाहत नव्हता. ही गोष्ट मी आईला सांगितली नाही.

ताजा नमुना द्यायला मी वरचेवर जाऊ लागले. सुई काढताना तो “दुखलं?” विचारायचा. मी मुद्दाम “हो” म्हणायचे, म्हणजे कापूस तोच दाबून धरायचा. पिशव्यांमागून पिशव्या तपासल्या, एकही जुळेना. शेवटी प्रमुख डॉक्टरबाईंनी तिथल्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासून पाहिलं. जुळलं ते फक्त त्याचं!

आईचे डोळे भरून आले. आणि तो म्हणाला, “मी... नाही देणार.”

“का रे? बरा आहेस ना?” बाईंनी विचारलं.

“बरा आहे.” त्याचे कान लालबुंद झाले होते.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं, राहू दे. शोधू दुसरीकडे,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

घरी आल्यावर आईने तोंडाचा पट्टा सोडला. “एक पिशवी रक्त मागितलं, जहागीर नाही मागितली! एवढा धडधाकट माणूस!” मी उशीत तोंड खुपसून रडले. ऑपरेशन लांबणार म्हणून नाही... त्याने नाही म्हटलं म्हणून.

त्यानंतर तो दिसलाच नाही. मग एक दिवस निरोप आला, रक्त मिळालं. सुट्टी काढून, एकेक रक्तपेढी पालथी घालून तेही त्यानेच शोधलं होतं.

ऑपरेशन झालं, आणि तो वॉर्डात आला.

“काही त्रास?”

“पायाला नाही,” मी फणकाऱ्याने म्हणाले. “तुमचं जुळत होतं ना? मग का नाही दिलंत?”

तो खाटेच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

“नवऱ्याचं रक्त बायकोला शक्यतो देत नाहीत,” तो हळूच म्हणाला. “आज जुळलं, तरी नंतर तिच्या शरीराने त्याच्या एखाद्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडं केली, तर पुढे... बाळाला त्रास होऊ शकतो.”

“कुणाचा नवरा?”

“ते... अजून विचारायचं आहे.”

“आणि दुसरं रक्त मिळालंच नसतं तर?”

“तर माझंच दिलं असतं, लगेच. आणि तुम्हाला कधीच काही विचारलं नसतं.”

इतक्या वर्षांत त्याने मला पुष्कळ गोडगोड ऐकवलंय. पण त्या दुपारच्या वाक्याची सर कशालाच नाही. माझे डोळे घळाघळा वाहू लागले. शेजारच्या खाटेवरच्या आजी कूस बदलून, खुशाल कान देऊन ऐकत होत्या. त्याने चष्मा वर सारला, घसा खाकरला, तोंड उघडलं —

आणि त्याने विचारायच्या आधीच मी “हो” म्हणून बसले.