‘कालकथित’ लिहिलेला फोटो

"मोबाईल खाली ठेवा पोरांनो," ओट्यावर बसलेले शालिग्राम नाना म्हणाले. "आपल्या राजदीपच्या घरी घडलेलं सांगतो. त्याच्याच तोंडून ऐकलंय. पटलं तर घ्या."

गेल्या डिसेंबरची तेरा तारीख, शनिवार. राजदीप बाजारातल्या फ्रेमवाल्याकडून फोटो घेऊन पिंप्राळ्याला घरी आला. फोटो त्याच्या चुलत आजोबांचा, देवचंदचा. एकाहत्तरच्या लढाईत देवचंद विमानदलात होता. एका रात्री तो धरून चौघांना घेऊन त्याचं विमान समुद्रावर गेलं, ते परतलंच नाही. घरी तार आली, बेपत्ता. त्याची बायको कलाबाई तेव्हा वीस वर्षांची होती. तिनं ना दुसरा घरोबा केला, ना कधी त्याच्या फोटोला हार घालू दिला. आता थकली, तेव्हा कुठे त्याच्या नावानं रविवारी बुद्धवंदना ठेवायला कबूल झाली. अट एकच, त्याला मेलेला म्हणायचं नाही.

राजदीप पडला अति शहाणा! आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात, म्हणून पठ्ठ्यानं फोटोखाली तेच लिहून घेतलं. मूळ फोटोत तेच चौघं विमानापुढे उभे होते, खांद्याला खांदा लावून. बाकीचे तिघं त्यानं कापून टाकायला लावले.

कलाबाईनं चष्मा लावून फोटो पाहिला.

"कोनी सांगं तुले, तो मरी गया म्हनीसन?"

"आजी, चोपन्न वर्षं झाली गं..."

तिनं फोटो पालथा ठेवला. राजदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी बदलून आणतो, असं तो म्हणाला.

त्या रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी लाईट गेली. फक्त त्यांच्या घरातली. समोरच्या किराणा दुकानाचा बल्ब चालूच होता, त्याचा उजेड दाराखालून आत येत होता.

दार वाजलं.

"कोण?"

दाराखालचा उजेड तुटला... एका जागी नाही. आठ जागी.

पाय होते ते. चौघांचे.

"कला..."

हाक अगदी हळू होती. म्हातारी उठली, सगळे परत आले म्हणून.

"बठ्ठा उनात रे! दार उघाड."

राजदीपनं कडी दोन्ही हातांनी दाबून धरली. कलाबाई त्याची बोटं सोडवत होती. रडत होती.

"उघाड रे... उघाड..."

त्यानं उघडलं नाही.

मग बाहेर काहीच नाही. कुत्रंसुद्धा नाही. उजेड पुन्हा सलग झाला.

पहाटे कलाबाईनंच कडी काढली. पायरीवर आठ पावलं होती, वाळलेली, पांढरी. तिनं एकावर बोट टेकवलं. जिभेला लावलं.

"मीठ शे," ती म्हणाली.

ती पायरी कलाबाई अजून कुणाला झाडू देत नाही.