खंड्याची रीत

सोनलने डबा वाजवला आणि विनेशचा पक्षी उडाला. गोष्ट इथून सुरू होते.

माघातली सकाळ होती. श्रीवर्धनच्या पुढच्या त्या लहानशा कोळीवाड्यात, सुरूच्या झाडांपलीकडे, बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत होते. तोंडात तोंड अडकवून, जोडीजोडीने. खाली जुन्या जाळ्यावर बारीक कोलंबीचा जवळा पसरला होता, आणि त्याच्या राखणीला सोनल, एका हातात तेलाचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात काठी. तिच्या लेखी पाखरांच्या दोनच जाती होत्या : मासळी चोरणारी आणि अजून न चोरलेली. दोन्हींना ती सारख्याच मायेने हाकलायची.

घार खाली झेपावली तशी सोनलने दणादण डबा बडवला. "हाऽऽ! हाऽऽ!" घार गेली, कावळे गेले आणि पाण्याच्या कडेचं काहीतरी काळं-पांढरंही भुर्रकन उठून निघून गेलं.

मग वाळूतून एक माणूस उठला.

शर्ट पुढून चिंब, कोपरांना वाळू, गळ्यात दुर्बीण. "अहो," तो कळवळून म्हणाला, "किती वेळ सरपटत आलो होतो मी त्याच्याजवळ!"

"कुणाच्या?"

"तो लाल चोचीचा... कालवं फोडून खाणारा. कुठल्या कुठल्या थंड मुलखातून येतो. मला पहिल्यांदाच दिसला होता."

"माझ्या जवळ्यावर आला होता."

"तो जवळ्याकडे ढुंकून बघत नाही!"

"हे तुम्हाला माहिती. माझ्या डब्याला कसं माहिती असणार?"

त्याला रागवायचं होतं, पण जमलं नाही. हसू आधी त्याच्या डाव्या गालावर आलं, मग उजव्या. सोनलला ते आवडलं. उगाच खोटं कशाला बोला?

विनेशचं म्हसळ्याला औषधाचं दुकान होतं. घर आतल्या गावात, भातशेतीवाल्यांचं. आठवडाभर तो लोकांचे खोकले आणि गुडघे ऐकायचा आणि रविवारी दुकानाला कुलूप लावून पाखरांमागे निघायचा. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, तेव्हा सरळ मांडवापाशीच येऊन उभा राहिला.

"आज डबा वाजवायचा नाही, अशी विनंती आहे."

"मग जवळा कोण राखणार? तुम्ही?"

"मी," तो म्हणाला. त्याने गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या हातात दिली आणि तिचा डबा स्वतः घेतला.

असा तो सौदा झाला. तो उन्हात उभा राहून कावळे हाकायचा — फार वाईट हाकायचा, कावळे त्याला मुळीच मोजत नसत — आणि ती नारळाच्या सावलीत बसून बघायची. पहिल्यांदा दुर्बिणीत घार आली तेव्हा सोनल दचकली. जिला ती इतकी वर्षं काळा ठिपका समजून शिव्या देत होती, तिच्या पाठीवर तांबूस-तपकिरी पिसांची नक्षी होती आणि डोळे चक्क विचारात पडल्यासारखे.

"काय दिसलं?" त्याने विचारलं.

"चोर... पण देखणी हाय."

जाताना त्याने दुर्बीण तिच्याकडेच ठेवली. "घरी बघा. सकाळी एक पक्षी, संध्याकाळी एक. उपाशीपोटी चालेल."

"आणि गुण नाही आला तर?"

"तर रविवारी दाखवायला या. म्हणजे... मीच येतो."

गुण आला! मोरीमागच्या जास्वंदीवर एवढासा जांभळा शिंजीर उलटा लटकून फुलातला मध प्यायचा, हे तिला चोवीस वर्षांत दिसलं नव्हतं. शिंपी पक्ष्याने बदामाची पानं शिवून घर केलं होतं, तेही धुण्याच्या दोरीपासून हातभर अंतरावर. पहाटे पाण्याच्या टाकीवर बसून जो शीळ घालायचा, त्याला ती शेजारचा कुणी वात्रट पोरगा समजत होती, तो निघाला दयाळ. सोनल रोज उठून जणू नव्याने त्याच घरात राहायला येत होती. भांडी घासता घासता तिचा हात थांबायचा आणि उगाच भरून यायचं. एवढं सगळं फुकट मिळत होतं आणि आपण डबा बडवत बसलो होतो!

एकदा मांडवाखाली शेपटी हलवत फिरणाऱ्या करड्या धोबी पक्ष्यावर तिची आई, नीराबाई, काठी उगारून निघाली, तेव्हा सोनल आडवी गेली. "आई, तो मासळी खात न्हाय. मासळीवरच्या माश्या खातो. बघ तरी!"

नीराबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. "मंग ऱ्हाऊ दे त्याला," ती म्हणाली. "कामाचा हाय." आणि मग लेकीकडे न बघता, "त्यो औषधवाला शिकवतो वाटतं तुला ह्ये?"

"व्हय."

"पोरगा वाईट न्हाय. पर ऐकून ठेव. भातवाल्यांना ताजा कंचा आन् शिळा कंचा, ह्ये कळत न्हाय. मासळीची पारख न्हाय त्या घरात माझी लेक न्हाय द्यायची मी."

नीराबाईचं हे बोलणं थट्टेचं नव्हतं. आईने तोंड फिरवलं तर त्या घराबाहेर पाऊल टाकणं सोनलला जमलं नसतं. आणि रविवार नसलेले आठवडे काढणं, तेही आता जमेल असं वाटत नव्हतं.

चैत्रात दोघं खाडीच्या बांधावर बसली होती. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिवरांच्या फांदीवर एक निळाशार खंड्या येऊन बसला, चोचीत चांदीच्या तुकड्यासारखी मासोळी. पण गिळेना. तो हळूहळू सरकत दुसऱ्या खंड्याजवळ गेला, वाकला आणि मासोळी पुढे धरली.

"मादी आहे ती," विनेश कुजबुजला. "मासोळीचं डोकं तिच्या बाजूला केलंय, बघ. गिळताना तिला खवले टोचू नयेत म्हणून."

"आणि तिने नाही घेतली तर?"

"तर स्वतः खायची आणि दुसरी फांदी बघायची."

मादीने मान वेळावली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, अगदी नवरी मुलगी बघायला आलेल्या पाव्हण्यांसारखं, आणि मग मासोळी घेतली. सोनलने दुर्बीण खाली केली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता आणि दोघांपैकी कुणीच सरकत नव्हतं.

"सोनल, मी तुला..." त्याला खोकला आला. औषधवाल्यालाच! तो लाल होऊन म्हणाला, "पुढच्या रविवारी विचारतो. घरी येऊन. रीतसर."

"ये," ती म्हणाली. "पण आई..."

"बघू ना."

पुढचा रविवार उजाडला. विनेश आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, दोन्ही हातांत केळीच्या पानाची गुंडाळी सांभाळत. पडवीत सोनलचे बाबा, गुणाजी, फाटलेलं जाळं सांधत बसले होते. नीराबाई समोर आली. विनेशने पान उघडलं.

आत पापलेट होतं.

पाव्हणा नारळ आणतो, पेढे आणतो, फार तर हापूस आणतो. कोळ्याच्या दारात मासा घेऊन आलेला माणूस नीराबाईने जन्मात पाहिला नव्हता. गुणाजींची सुई हवेतच थांबली.

"आमच्याकडचं मासं संपलं, असं कुनी सांगितलं तुला?" नीराबाईने विचारलं.

"नाही काकी, तसं नाही..."

"कुठनं घेतलंस?" गुणाजी म्हणाले.

"म्हसळ्याच्या बाजारातून."

"म्हंजे आपल्याच बंदरातनं गेलं, रातभर बर्फात निजलं आन् आज एस्टीनं माघारी आलं," गुणाजींनी हिशेब लावला आणि मिशीतल्या मिशीत हसले. नीराबाई मात्र हसली नाही. दारामागे उभी असलेली सोनल सगळं ऐकत होती. पारख नसलेलं घर, आई म्हणाली होती. आणि हा भला माणूस त्याचा पुरावाच पानात गुंडाळून घेऊन आला होता.

"पोरा, आनलास कशाला ह्ये?"

विनेशचे कान लाल झाले. पण त्याने सरळ सांगितलं. "काकी, खंड्या पक्षी असतो ना... त्याला एखादी आवडली की तो तिला मासा नेऊन देतो. तिने घेतला तर जोडी जमली. मला सोनल आवडते. कसं विचारायचं कळेना, म्हणून... पेढे आणावेत, हे सुचलंच नाही मला."

नीराबाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं. मग म्हणाली, "मंग मला काय दावतोस? मासा माझ्यासाठी हाय व्हय? तिला दे."

सोनल बाहेर आली. विनेशने हातातलं पान फिरवलं, माशाचं डोकं तिच्या बाजूला येईल असं. ते तिने पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण हाताला कुठली कळते प्रीत? हात कोळणीचा होता. बोलायच्या आधीच तिच्या अंगठ्याने माशाचा कल्ला उचलून पाहिला. लहानपणापासून, मासा हातात आला की आधी कल्ला. लाल असेल तर ताजा.

कल्ला फिक्कट पडला होता. तिला दिसलं, आईला दिसलं, बाबांनाही दिसलं. असला मासा त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. नीराबाई हाताची घडी घालून थांबली.

"कल्ला पांढरा पडलाय," सोनल म्हणाली.

विनेशचा चेहरा त्याहून पांढरा पडला.

"शिळा हाय. मला कळतंय... सगळं कळतंय." तिने आईकडे पाहिलं आणि पानासकट मासा छातीशी धरला. "तरी मी घेते."

नीराबाईने पदर डोळ्यांना लावला. "माझ्या लेकीनं जन्मात शिळा मासा हातात धरला न्हवता," ती नवऱ्याला म्हणाली. "आज जाणूनबुजून धरला. म्हंजे खराच जीव लावलान् तिनं." मग विनेशकडे वळून, "बस, पोरा. माझ्या लेकीला तू डोळं दिलंस, ह्ये बघत होते मी. आधी कशी सारखी वैतागलेली असायची, आता हासत उठते. तुझं उपकारच हायेत. मासळीची पारख काय, शिकवीन मी. पर पुन्यांदा बाजारातनं मासा आनलास तर दारात उभा न्हाय करायची."

"नाही आणणार, काकी."

"आई म्हन."

तिने सोनलच्या हातातून मासा काढून घेतला आणि स्वयंपाकघराकडे जात ओरडली, "सोनल, कोकम काढ गं! जास्तीचं काढ. उतरलेल्या मासळीला आंबट लागतं."

गुणाजी जाळं घेऊन परसात गेले. तिथे बसायला जागा नव्हती, तरी गेले. पडवीत दोघंच उरली. सोनलला कोकम काढायचं होतं, पण ती तिथेच उभी होती. कुणाकुणाचे आभार मानावेत, तेच तिला कळत नव्हतं — आईचे, खाडीवरच्या त्या निळ्या जोडप्याचे, की समोर तेल चोपडलेल्या केसांनी उभ्या असलेल्या या वेड्याचे.

"तू घेतलास," तो म्हणाला. त्याला अजून खरं वाटत नव्हतं. "शिळा होता, तरी घेतलास."

"मासा शिळा होता," सोनल म्हणाली. "देणारा नव्हता."