दुखण्याआधीची सुई

सौंसरहून पहिल्या बसने आलेला भिवाजी अंगणातच उभा राहिला, पायातली चप्पलसुद्धा काढेना. मागच्या पडवीत सगळ्यांपासून बाजूला बसलेल्या आपल्या बहिणीकडे बघत त्याने एवढंच सांगितलं, की बाबांच्या अंगावरून वारं गेलं आहे, उजवी बाजू लुळी पडली आहे आणि उरलेल्या अर्ध्या तोंडाने ते सारखं 'अनू, अनू' करून राहिले आहेत... अनुराधा ताडकन उठली, आणि उठल्या पावली थबकली. आज गुरुवार. मुकुंदच्या सुईचा वार!

देवघरातून सासूबाईंचा, वच्छलाबाईंचा आवाज आला. "जायचं असन त जाय वं. मागच्या खेपेसारखा पोराचा गुडघा सुजला त म्या काय करू, तेवढं सांगून जाय."

या घरात आल्यापासून अनुराधा माहेरी मुक्कामाला म्हणून राहिली नव्हती. सकाळी जायचं, बाबांच्या हातचा चहा प्यायचा आणि दिवेलागणीच्या आत पांढुर्ण्याला परतायचं. बाबा बसस्टँडवर सोडायला येत आणि म्हणत, माझी पोरगी म्हणजे डाक झाली, आली की निघाली. आता ते स्टँडवर कधी येणार होते?

धाकट्या दिराचं, मुकुंदचं रक्त लवकर थांबत नसे. बाळपणी कान टोचले तेव्हा दुपट्यावर दुपटी भिजली, तेव्हा कळलं. नागपूरच्या डॉक्टरांनी चार पाहुण्यांदेखत सांगितलं, की हा आजार आईकडून मुलाकडे येतो. त्या दिवसापासून वच्छलाबाई लेकाच्या खरचटण्याला, सुजेला, कशालाच हात लावत नसत. 'माहं सोवळं हाय' म्हणायचं आणि देवघरात शिरायचं. शेजारपाजारच्या बायका म्हणत, बाई कडक आहे. अनुराधाही तेच समजून होती.

पुढे वच्छलाबाईंच्या विलायतेतल्या भावाने, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती, पांढऱ्या भुकटीच्या बाटल्या पाठवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी अनुराधाला शिकवलं, कारण तिचा हात भरतकामाचा. पाण्यात भुकटी विरघळवायची, बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये हळू फिरवायची. मुख्य म्हणजे रक्त सांडल्यावर धावायचं नाही. सोमवार-गुरुवार, काही झालेलं नसतानाच सुई द्यायची. हे मात्र वच्छलाबाईंना कधी पटलं नाही. हसत्या-खेळत्या पोराले उगाच टोचून राहिली, असं त्या येईल त्याला सांगत. तरी बाटल्या ठेवायला घरातली सगळ्यात थंड जागा म्हणून देवघराचा कोनाडा त्यांनीच रिकामा करून दिला होता. ही दोन टोकं एकाच बाईत कशी राहतात, याचा विचार करायला अनुराधाला कधी सवड मिळाली नव्हती.

अडचण होती ती महिन्याच्या त्या दिवसांची. तेव्हा तिने कुणाला शिवायचं नाही, मग सुई कशी देणार? वार चुकायचा. मागच्या महिन्यात असाच चुकला आणि मुकुंदचा गुडघा मडक्यासारखा झाला, कॉलेजची परीक्षा बुडाली. तेव्हा त्यानेच म्हटलं होतं, "वहिनी, तुम्ही हात नका लावू. तोंडानं सांगा."

मग शाळा भरली. वहिनी पडवीत, दीर पायरीवर, आणि मध्ये टोपलीभर संत्री. साध्या पाण्याने भरलेली सुई सालीतून कशी जाते, कुठे थांबवायची, हे ती लांबून सांगे आणि तो टोचे. त्यातली दोन संत्री वच्छलाबाईंनी खाल्ली आणि फळवाल्या पंचफुलेला भर बाजारात विचारून आल्या, की बागेत पाणी देतं का फळात. दोघांनी तोंडातून ब्र काढला नाही.

आजही तेच दिवस होते, आणि आज पहिल्यांदा संत्र्याऐवजी हात असणार होता.

बस थांबवतो म्हणून भिवाजी स्टँडकडे धावला. अनुराधाचा नवरा मोरेश्वर सरकारी कामाने छिंदवाड्याला गेलेला. घरात उरली तिघं. मुकुंदने आंघोळ करून कोनाड्यातली बाटली आणली आणि पायरीवर बसला. "सांगा वहिनी. झालं का लगेच निघा तुम्ही."

जुन्या रक्तस्रावांनी आखडलेला त्याचा डावा कोपर पुरता सरळ होत नव्हता. रबरी पट्टी दातात धरून त्याने आवळली, ती निसटली. पुन्हा आवळली. सुई शिरली, पण शिरेच्या बाजूला... आणि कातडीखाली निळसर फुगवटा उठला. अनुराधा म्हणाली, "काढा. कापूस दाबून धरा, सोडू नका." बोलता बोलता ती पुढे सरकली होती. शिवाशिव गेली खड्ड्यात, असं तिच्या मनात आलं, आणि तिने हात पुढे केला.

"थांब."

वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. अंगावर सोवळ्याचं लुगडं, हात ओले. त्या लेकापाशी खाली बसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या दंडाला हात लावला. "कुठं धरू, ते सांग."

"आत्याबाई, तुमचं सोवळं..."

"कायचं सोवळं वं!" त्यांचा आवाज फाटला. "माह्याच रक्तातून आलं ना हे त्याले. माहा हात लागला का अजून वाढन, असं वाटे. भेव वाटे मले. भेव कोणाले सांगता येत नाही, सोवळं सांगता येते."

मुकुंदने मान वर केली नाही. फक्त म्हणाला, "आई, उगी. पट्टी धर. घट्ट." त्याच्या डोळ्यांतलं पाणी मात्र त्याच्याच मनगटावर पडलं.

उजव्या हाताची शीर सापडली, मुकुंदने डाव्या हाताने सुई टोचली. सुईच्या बारीक नळीत लाल धागा सरकत आला, तशी वच्छलाबाईंनी पट्टी आणखी आवळली. रक्त म्हणजे घात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. अनुराधा हलकेच म्हणाली, "हे चांगलं आहे, आत्याबाई. हे यायलाच पाहिजे. आता पट्टी सैल करा."

त्यांनी सैल केली. औषध हळूहळू आत गेलं.

बस निघाली तेव्हा अनुराधाला दिसलं, की आपल्या मनगटावर ओल्या बोटांचे ठसे आहेत. निरोप देताना सासूने तिचा हात धरला होता, आणि शिवाशिवीची आठवण दोघींनाही राहिली नव्हती.

बाबांनी तिला ओळखलं. त्यापुढे काही सांगण्यासारखं नव्हतं. ते चमच्याने पाणी घेत आणि तिचा पदर बोटात धरून ठेवत. सोमवार उजाडला. सुईची वेळ टळली तशी अनुराधाची बोटं आपोआप एकमेकांत फिरू लागली, नसलेली बाटली तळहातांत घोळवू लागली. निघावं का? पदर सोडवावा का?

दुपारी पांढुर्ण्याच्या बसचा कंडक्टर वाकडी वाट करून दारात आला. हातात पिशवी, पिशवीत संत्री. निरोप त्याने पाठ केला होता, आणि तो तसाच्या तसा त्याने उभ्या उभ्या म्हणून टाकला :

"तुमच्या सासूबाईनं सांगतलं, का संत्री पंचफुलाची हायेत, गोड हायेत, तिची माफी मागून आणली. पट्टी म्या धरली. तू बापापाशी राय."